प्रेसचा गार्ड सीएसआरच्या दोन टक्क्यांतून येत नाही

सप्रेम नमस्कार,

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या तुमच्या मुलीला कामगारांच्या हक्कांसाठी काम करायचे आहे, आणि ‘युनियनच्या भानगडीत पडण्यापेक्षा मोठ्या कंपनीच्या सीएसआर (कंपनीची सामाजिक जबाबदारी) विभागात जा, तिथेही हेच काम असते’ हे मी तिला पटवावे, असे तुम्ही लिहिले आहे. तिच्या ६१ टक्क्यांची मला काळजी वाटत नाही. मी थांबलो तो पत्राच्या शेवटी ओझरत्या आलेल्या वाक्यापाशी: पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रावर, तुमची दोन बोटे गेली तेव्हा ईएसआयचे (कामगारांच्या सरकारी विमा योजनेचे) सगळे कागद तेव्हा दहावीत असलेल्या या मुलीनेच भरले.

तिची आवड तिथेच रुजली असावी, असे मला वाटते. गप्प राहिल्यामुळे आपली नोकरी टिकली, असे तुम्ही म्हणता. त्यामागची भीती मी समजू शकतो. परंतु ती भीती करिअरचा सल्ला म्हणून मुलीच्या हाती देणे मला मान्य नाही. चार पानांच्या पत्रात तिचे स्वतःचे म्हणणे एका ओळीतही नाही.

आता सीएसआरविषयी. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान २ टक्के शाळा, आरोग्य, पाणी अशा समाजोपयोगी कामांवर खर्च करावे लागतात. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या लाभासाठी केलेला खर्च त्यात धरता येत नाही. कायद्याने आधीच बंधनकारक असलेल्या गोष्टींचा खर्चही नाही. म्हणजे तुमच्या प्रेसला हात वाचवणारा जो सेफ्टी गार्ड हवा होता, तो या पैशांतून येऊ शकत नाही, कारण तो बसवणे ही मालकाची कायदेशीर जबाबदारीच आहे. तुमची मुलगी त्या विभागात गेली, तर तिचा बहुतेक वेळ कारखान्याच्या फाटकाबाहेर जाईल.

फाटकाच्या आतली साधने वेगळी आहेत. उद्योग आणि मानवी हक्क यांविषयी संयुक्त राष्ट्रांनी २०११ मध्ये स्वीकारलेली मार्गदर्शक तत्त्वे कंपनीकडून पुरवठादारांपर्यंतचे धोके शोधण्याची आणि नुकसान झाल्यास दाद मिळवून देण्याची अपेक्षा करतात. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या बीआरएसआर या सामाजिक-पर्यावरणीय जबाबदारीच्या अहवालात आघाडीच्या १००० सूचिबद्ध कंपन्यांना किमान वेतन आणि कामगारांच्या तक्रारींची माहिती द्यावी लागते. केवळ प्रमाणपत्रावर मात्र तिने कधीही विसंबू नये. कराचीतील अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला एसए ८००० हे कामगारांच्या चांगल्या वागणुकीबद्दलचे प्रमाणपत्र मिळून काही आठवडेच झाले होते, तेव्हा सप्टेंबर २०१२ मधील आगीत तेथे अडीचशेहून अधिक माणसे मेली. याउलट, एप्रिल २०१३ मध्ये राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळल्यावर बांगलादेशात झालेला सुरक्षा करार कायद्याने बंधनकारक होता, आणि त्यावर विदेशी ब्रँडांसोबत तुम्ही ज्यांना भानगड म्हणता त्या कामगार संघटनांच्याही सह्या होत्या. तिथल्या कारखान्यांच्या तपासण्यांना वजन आले ते त्यामुळेच.

सीएसआरच्या पदविकेवर पैसे घालवू नका. विधी सीईटी देऊन एलएल.बी., टिस (टाटा समाजविज्ञान संस्था) किंवा मुंबईत परळची नारायण मेघाजी लोखंडे श्रम विज्ञान संस्था, हे मार्ग तिच्यासाठी योग्य आहेत. कुठेही गेली तरी जुने कामगार कायदे एकत्र करून केलेल्या चारही श्रमसंहिता तिने मुळातून वाचाव्यात.

पुढचे पत्र तिला स्वतःला लिहू द्या. ईएसआयचे ते कागद भरताना कुठे अडले, कोणी टाळाटाळ केली आणि कोणी मदत केली, हे तिने त्यात सविस्तर लिहावे. पुढचे बोलणे मी तिच्याशी करेन.