वाचक विचारतात : हंगामाच्या पट्ट्या आणि संपलेली मेमरी

प्रश्न : सर, मी राजारामपुरीत राहतो. मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडत दुकानाला पीएचपी आणि मायएसक्यूएलमध्ये प्रोग्राम करून दिलाय. एका गावच्या पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या मालाच्या हिशेबाच्या पावत्या, शोधल्या की झटक्यात येतात, अख्ख्या हंगामाच्या मागितल्या की मेमरी संपल्याचा एरर. मर्यादा १२८ एमबीवरून ५१२ केली. पाडव्याच्या सौद्यापासून संक्रांतीपर्यंत चाललं, आता परत तेच. मी फेचऑलनं सगळ्या ओळी घेतो, प्रत्येकीचा 'पट्टी' ऑब्जेक्ट करतो आणि त्यांचा अ‍ॅरे परत देतो. काय चुकतंय?

उत्तर : ५१२ चे १०२४ केलेस तर पुढच्या हंगामात परत पत्र लिहिशील. यार्डात सौदा करणारा एका थप्पीकडून दुसरीकडं सरकतो. गुळाचे सगळे रवे, म्हणजे ढेपा, खांद्यावर घेऊन कोण फिरतंय? तुझा प्रोग्राम मात्र नेमकं तेच करतोय.

फेचऑल काढ. लूपमध्ये फेचनं एकच ओळ घे, तिची पट्टी बनव आणि यील्ड कर, म्हणजे ती एक पट्टी बाहेर देऊन फंक्शन पुढची मागेपर्यंत तिथंच थांबेल. अशा फंक्शनकडून मिळतो तो जनरेटर. पीएचपी ५.५ पासून ही सोय आहे. बाहेरचं फोरईच जसंच्या तसं चालेल. पट्ट्या मोजायला कुठं काउंट वापरला असशील तर तो तेवढा अडेल.

एवढ्यानं अर्धंच काम होतं. मायएसक्यूएलचा पीडीओ ड्रायव्हर (पीएचपीला डेटाबेसशी जोडणारा भाग) एरवी सगळा निकाल आधीच आपल्याकडं ओढून ठेवतो. हे बफरिंग बंद कर. मग मात्र सगळ्या ओळी वाचून होईपर्यंत त्याच कनेक्शनवर दुसरी क्वेरी चालत नाही. तू लूपमध्ये प्रत्येक पट्टीला शेतकऱ्याचं नाव वेगळं विचारत असणार, ते लगेच अडेल. अडलेलं बरंच! एका दूध संस्थेचं दहा दिवसांचं बिल काढताना मीही प्रत्येक उत्पादकाचं नाव असंच विचारत बसलो होतो. सचिवांचा चहा दोनदा झाला तरी प्रिंटरमधून कागद येईना. दोन्ही टेबलं जोडणारा जॉइन लावून एकाच क्वेरीत नावं आणली आणि मगच घरी गेलो.

आणखी एक. जनरेटर एकदाच फिरतो. आधी बेरजेसाठी आणि मग छपाईसाठी असं दोनदा फोरईच लावलंस तर दुसऱ्या वेळी एक्सेप्शन येईल. म्हणून 'पट्टीशोध' असा क्लास कर, पीएचपीचा इटरेटरअ‍ॅग्रिगेट हा इंटरफेस इम्प्लिमेंट कर आणि गेटइटरेटरमधून दर वेळी नवा जनरेटर दे. म्हणजे क्वेरी नव्यानं चालेल. पण दोन फेऱ्यांच्या मध्ये दिवाणजींनी नवी पट्टी टाकली, तर बेरीज आणि यादी जुळणार नाही. मी असतो तर छापता छापताच बेरीज केली असती. आकडा कागदाच्या डोक्यावरच पाहिजे असं मालक म्हणत असतील, तर तेवढा तळाला घ्यायला त्यांना पटवून बघ.