भिंतीवरून सोलून नेलेला ख्रिस्त

प्रश्न : मुलगी बार्सिलोनात नोकरीला असते. मे महिन्यात तिच्याकडे गेलो होतो. तिथल्या संग्रहालयात मोठ्या डोळ्यांचा ख्रिस्त पाहिला. तो पिरेनीज डोंगरातल्या ताउल गावच्या चर्चमधला, असं पाटीवर वाचलं, म्हणून हट्टाने चार तासांचा प्रवास करून वर गेलो. तिथे अंधार करून प्रोजेक्टरने तेच चित्र भिंतीवर दाखवलं, दहा मिनिटांत दिवे लागले आणि समोर उघडी भिंत! भिंतीवरचं चित्र काढतात तरी कसं? आणि देवळातला देव असा उचलून नेणं बरोबर आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पहिला प्रश्न आधी घेतो, कारण तो माझ्या हाताखालून गेलेला आहे. या प्रकाराला इटालियन लोक ‘स्त्राप्पो’ म्हणतात, म्हणजे ओरबाडणं. चित्रावर सरस लावून कापड चिकटवायचं. सरस वाळताना आकसतो आणि रंगाचा पापुद्रा धरून ठेवतो. मग खालच्या कोपऱ्यापासून कापड ओढायचं. गिलावा भिंतीवर राहतो, चित्र उलटं होऊन कापडासोबत येतं. पाठीला चुना आणि दुधातल्या केसिनच्या गोंदाने नवं कापड लावायचं आणि पुढचा सरस गरम पाण्याने सोडवायचा.

हे जमतं ते ओल्या चुन्यावर रंगवलेल्या चित्राला. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत दगड होत जातो आणि रंग त्यात कैद होतो, पाण्याला दाद देत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच वाड्यांतली चित्रं कोरड्या गिलाव्यावर, डिंकात कालवलेल्या रंगांची. उमेदवारीच्या काळात एका पडक्या वाड्यात मी हा प्रयोग अतिउत्साहाने केला. मोराचा पिसारा कापडावर आला, मान भिंतीवर राहिली आणि मधला निळा बादलीत गेला. सरसाच्या वासाने आजही तो मोर आठवतो.

आता ताउल. तुम्ही पाहिलंत ते सांत क्लिमेंत, गावाच्या कडेचं. गावाचं पॅरिश चर्च म्हणजे मधलं सांता मारिया. दोन्हींचा अभिषेक एकाच बिशपने, रोदाच्या रामोन गिलेमने, लागोपाठ केला : 10 डिसेंबर 1123 ला सांत क्लिमेंतचा, 11 ला सांता मारियाचा. दीड हजार मीटर उंचीवर, डिसेंबरात! सांत क्लिमेंतची तारीख तिथल्याच खांबावर रंगाने लिहिलेली होती. म्हणून त्याचं वय सांगताना आम्हा लोकांना ‘सुमारे’ म्हणावं लागत नाही. हे सुख आमच्या धंद्यात फार दुर्मीळ.

चितारी कोण, ते नाव उरलेलं नाही. पण निळा रंग त्याने डोंगरातलाच घेतला, एरिनाइट नावाच्या खनिजाचा. अजिंठ्याच्या निळ्यासाठी लाजवर्द अफगाणिस्तानातून यायचा. याला उंबरठ्याबाहेर फारसं जावं लागलं नाही. ख्रिस्ताच्या हातातल्या पुस्तकावर लॅटिनमध्ये ‘मी जगाचा प्रकाश आहे’ असं आहे, ते तुम्ही वाचलं असेलच. पायाशी गोल चौकटींत एका देवदूताने सिंहाचा मागचा पाय धरलाय, दुसऱ्याने बैलाचं शेपूट. शेतकऱ्यांच्या गावातला चितारी, दुसरं काय!

नेलं का? 1907 मध्ये वास्तुकार पुच इ कादाफाल्क यांच्या मोहिमेने ही दरी पालथी घातली आणि भित्तिचित्रांच्या रंगीत प्रतिकृती पुस्तकरूपाने छापायला सुरुवात झाली. ती पुस्तकं अभ्यासकांइतकीच दलालांनीही मन लावून वाचली. 1919 मध्ये बार्सिलोनाच्या संग्रहालय मंडळाला पत्ता लागला, की मुर इथल्या दुसऱ्या एका सांता मारिया चर्चमधली चित्रं भिंतीवरून उतरवून परदेशी न्यायचं चाललंय. ती गेलीच, 1921 पासून बोस्टनच्या संग्रहालयात आहेत. मंडळाने मग तेच इटालियन कारागीर, फ्रांको स्तेफानोनी आणि त्याचे साथीदार, स्वतःकडे वळवले आणि 1919 ते 1923 मध्ये उरलेल्या चर्चांतली चित्रं काढून घेतली. चोराचा कुलूपवाला आपणच कामाला लावावा, तसं. गुंडाळ्या खेचरांवरून दरीखाली उतरल्या.

माझं मत विचाराल तर त्या वेळी दुसरा मार्ग नव्हता. स्पेनच्या 1936 च्या यादवीत कॅटलोनियातली कितीतरी चर्चं जळाली. संग्रहालयातला ख्रिस्त वाचला. पण ‘बरोबर’ हा शब्द माझ्या तोंडून निघत नाही. अर्धगोल गाभाऱ्यात, खालून वर बघायला रंगवलेलं चित्र आता लाकडी सांगाड्यावर बसवलंय. सांगाडा वळणदार आहे, मेहनत प्रामाणिक आहे, पण त्या खिडकीतून येणारा सकाळचा उजेड सोबत आणता येत नाही.

आणि ही जोडी पाहा. त्याच सुमारास, 1920 ते 22 मध्ये, निजाम सरकारने चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियनांना अजिंठ्याला बोलावलं. त्यांनी चित्रं जागेवर ठेवून पक्की केली, वर लाखेचं वॉर्निश फासलं. ते पुढे पिवळं पडलं, काळवंडलं, आणि काढता काढता पुढच्या पिढ्यांच्या नाकीनऊ आले. एकीकडे चित्र वाचलं, जागा गेली. दुसरीकडे जागा वाचली, वर कातडं बसलं. अजिंठ्याच्या पायऱ्या चढताना मला मात्र चित्र तिथेच असल्याचा आनंद होतो, वॉर्निशसकट.

ताउलला 1960 च्या आसपास रंगवलेली प्रतिकृती होती. ती काढून 2013 पासून तो दिव्यांचा खेळ सुरू झाला. तुम्हाला तो फसवणूक वाटला, मला उलट. नकली ख्रिस्तापेक्षा दहा मिनिटांचा उजेड आणि मग उघडी भिंत हे खरं बोलणं आहे.

पुन्हा गेलात तर दिवे लागल्यावर लगेच उठू नका. वेदीजवळच्या भिंतींवर मूळ रंगाचे काही तुकडे अजून आहेत, काढायचे राहून गेलेले. आणि बार्सिलोनात त्या मोठ्या डोळ्यांना ओलांडून बाजूच्या कमानीतला लाझरस, बायबलच्या गोष्टीतला भिकारी, शोधा. श्रीमंताच्या दाराशी बसलाय आणि कुत्रा त्याच्या जखमा चाटतोय.