कॅराव्हॅनचा फ्रिज: पहिल्या सहलीआधी

नव्या कॅराव्हॅनबद्दल अभिनंदन! फ्रिजचं टेन्शन नको, सुरुवातीला एवढंच सांभाळा.

आदल्या रात्रीच घरच्या विजेवर फ्रिज लावून ठेवा. मुंबईच्या उकाड्यात सकाळी चालू करून लगेच सामान भरलंत, तर पनवेल आलं तरी दूध कोमटच.

नॉबवरचे आकडे म्हणजे अंश नव्हेत. पाण्याच्या पेल्यात छोटा थर्मामीटर बुडवून मधल्या कप्प्यात ठेवा. 4 अंशांच्या आत हवं. मासे नेणार असाल तर तडजोड नाहीच.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- फ्रिज ठासून भरणं
- गरम भाजीचा डबा तसाच आत ढकलणं
- फ्रिजची गरम हवा बाहेर सोडणाऱ्या, गाडीच्या बाहेरच्या जाळीवर ओला टॉवेल वाळत घालणं

गॅसवरचा फ्रिज असेल तर गाडी सपाट जागीच लावा. बॅटरीवर फ्रिज किती वेळ चालेल, ते गणित नंतर बघू.