स्पायरोनोलॅक्टोनचा चयापचय: अभ्यासाची सुरुवात

स्पायरोनोलॅक्टोन या लघवी वाढवणाऱ्या औषधाच्या सर्व मेटाबोलाइटांची (शरीरात औषधापासून बनणाऱ्या पदार्थांची) यादी तूर्त पाठ करू नका. दोनच वाटा नीट समजून घ्या, म्हणजे पुढचे सोपे जाईल. रेणूच्या सातव्या कार्बनवरचा गंधकयुक्त गट पूर्णपणे निघून गेला, तर कॅनरेनोन बनते. मात्र त्यातला केवळ अ‍ॅसिटिल भाग सुटून गंधकाला मिथाइल जोडला गेला, तर थायोमिथाइल-स्पायरोनोलॅक्टोन बनते आणि रक्तात तेच अधिक आढळते. जुन्या मापनपद्धतींत कॅनरेनोनचे प्रमाण फुगलेले दिसे, त्यामुळे त्यालाच प्रमुख समजण्याची चूक आजही सर्रास होते.

दुसरी चूक अर्धायुष्याची, म्हणजे रक्तातले प्रमाण निम्मे होण्यास लागणाऱ्या काळाची: केवळ मूळ औषधाचाच आकडा पाहिला जातो. मूळ औषधाचे अर्धायुष्य सुमारे १.४ तास असले, तरी या दोन्ही सक्रिय मेटाबोलाइटांचे साधारण १४ ते १७ तास असते; म्हणूनच परिणाम रेंगाळतो. एंझाइमांचे तपशील नंतर पाहा.