मुळं फुटलेल्या फांद्या कुंडीत लावल्यावर वाढायच्या थांबल्या आहेत, काय करू?

आधी ते खताचं पाकीट खाली ठेवा.

तुम्ही लिहिलंय की अनंत, जास्वंद आणि मनीप्लांटच्या फांद्यांना बाटलीतल्या पाण्यात छान मुळं आली, तुम्ही त्या कुंडीत लावल्या, आणि दिवाळीपासून त्या मरतही नाहीत आणि वाढतही नाहीत. घरचे म्हणतात खत घाल, नाहीतर फेकून दे. जास्वंद-मनीप्लांटचं शेवटी सांगतो. अनंताचं मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण 'खत घाल' यावरून आमच्याकडे प्रत्येक लग्नकार्यात अजून टोमणे चालतात.

गिरगावातली आमची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली. गॅलरीच्या टोकाला डालड्याच्या गंजलेल्या डब्यात आत्याचा अनंत होता. डबा उचलायला गेलो तर बूड तिथेच राहिलं, मुळं फरशीच्या फटीत शिरलेली. झाड काही निघणार नव्हतं. आत्याने पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांद्या कापल्या, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि लोकलने मुलुंडला माझ्याकडे घेऊन आली. भाड्याच्या खोलीत तिला ऊन नव्हतं, माझी बाल्कनी पूर्वेची.

पाण्यात मुळं आली. रूटिंग पावडर वगैरे काही लागलं नाही (आणि मुळं आलेल्या फांदीला ती आता लावून उपयोगही नसतो, दुकानदार काहीही सांगू दे). नर्सरीवाल्याने 'झाड मोठं होणार साहेब' म्हणून बारा इंची कुंडी लाल मातीने गच्च भरून दिली. त्यात फांद्या लावल्या आणि सगळं ठप्प झालं. पानं तेवढीच, शेंडा मिटलेला.

इथे माझ्या मेहुण्याचा प्रवेश. कृषी पदवीधर आहे, हे तो ओळख करून देताना नावाच्या आधी सांगतो. "भावोजी, उपाशी मारताय त्याला," म्हणाला, आणि दुसऱ्या खेपेला 19:19:19 चं, म्हणजे नायट्रोजन, स्फुरद आणि पालाश सारख्या प्रमाणात असलेल्या खताचं, पाकीट घेऊन आला. चमचाभर मगात ढवळलं आणि ओतलं. वजन नाही, माप नाही. थोड्याच दिवसांत पानांची टोकं तपकिरी झाली आणि एक फांदी बुडापासून काळी पडून गेली. खत म्हणजे शेवटी क्षारच. मातीतल्या पाण्यात क्षार वाढले की मुळांना पाणी ओढणं जड जातं, आणि ज्या मुळांना धड पाणीच ओढता येत नव्हतं त्यांच्यावर हा प्रयोग. बायकोसमोर एवढं सगळं बोललो नाही.

आत्या बघायला आली तेव्हा तिने उरलेल्या फांदीची साल नखाने जराशी खरवडली. आत हिरवं. "टाकायची नाही," एवढंच म्हणाली. ही परीक्षा तुम्हीही आज करा. हिरवं आणि ओलसर दिसलं तर फांदी जिवंत आहे, तपकिरी आणि कोरडं दिसलं तर मात्र घरच्यांचं ऐका.

पुढचं मला राणीच्या बागेत कळलं. पालिकेचं झाडाफुलांचं प्रदर्शन भरतं तिथे, त्यातल्या एका माळ्याला विचारलं. त्याने पानांचा फोटो बघितलासुद्धा नाही. म्हणाला, "वर काय बघताय, कुंडी उपडी करा."

केली. लाल माती विटेसारखी घट्ट, मधोमध चिखल, आणि पाण्यात फुटलेली मुळं बहुतेक तपकिरी, चिमटीत धरली की साल निसटून यायची. पाण्यातलं मूळ पाण्यासाठीच बनलेलं असतं. ठिसूळ असतं, त्याला केसमुळं जेमतेम असतात. मातीत गेल्यावर रोपाला जवळजवळ नव्याने मुळं करावी लागतात, आणि ती होईपर्यंत वरचा शेंडा हलत नाही. त्यासाठी मातीत हवा लागते. नर्सरीच्या चिकट मातीत ती नसते, आणि मोठ्या कुंडीत तर ओल प्यायला मुळंच नाहीत, म्हणून माती दिवसेंदिवस ओली राहून आहेत ती मुळंही कुजतात. म्हणून पाण्यात मुळं इंचभर झाली की फांदी लावून टाकावी. बाटलीत जटा वाढवून फोटो काढत बसणाऱ्यांच्याच फांद्या जास्त अडतात.

तर मऊ पडलेली मुळं कापली, उरलेल्या मुळांवरची माती साध्या पाण्याने धुऊन काढली आणि फांदी चार इंची मातीच्या कुंडीत लावली. निम्मं कोकोपीट (म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, दोनदा भिजवून पिळलेला, कारण त्यात मीठ असतं), पाव भाग जाड वाळू, पाव भाग चाळलेलं गांडूळखत. शेंड्याला एक कळी धरली होती ती खुडली. आत्याच्या जिवावर आलं, पण मुळं नसलेल्या फांदीने फुलायचं नसतं. कुंडी सकाळचं कोवळं ऊन येतं तिथे ठेवली, आणि वरचा बोटभर थर सुकल्याशिवाय पाणी नाही.

पालवी आली, पण पिवळी. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. मेहुणा फोनवर लगेच, "नायट्रोजन कमी!" अहो, नायट्रोजन कमी पडला की आधी खालची जुनी पानं पिवळी होतात, आणि शिरांसकट होतात. इथे नवी पानं पिवळी होती, म्हणजे लोह. आणि लोह का मिळत नव्हतं, तर बाल्कनीतला नळ आमच्या बिल्डिंगमध्ये फ्लशच्या लाइनवर आहे, म्हणजे बोअरवेलचं पाणी. त्याला साबणाचा फेस येत नाही. अनंताला आंबट माती लागते, पीएच पाच ते सहाच्या आसपास. असं जड पाणी महिनोन्महिने घातलं की माती अल्कलीकडे, म्हणजे आंबटाच्या उलट बाजूला, सरकते आणि लोह मातीत असूनही मुळांना उचलता येत नाही. उलट स्वयंपाकघरात येतं ते भातसा, तानसा, वैतरणेचं पाणी, म्हणजे धरणात साठलेला पाऊस. 1892 पासून मुंबई तानसाचं पाणी पितेय आणि आम्ही झाडांना बोअरचं घालतोय! तेव्हापासून स्वयंपाकघरातून तांब्या भरून नेतो. एकदा लिटरभर पाण्यात चिमूटभर फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचा क्षार, घातलं. पुढची पानं हिरवी आली आणि जूनचा पाऊस लागल्यावर फांदीने जे डोकं वर काढलं ते काढलंच.

आता मेहुणा नातेवाइकांत सांगतो की त्याच्या खताने अनंत जगला. तर ते खत ज्या मातीत होतं ती सगळी माती मी सोसायटीच्या कुंपणापाशी ओतली. तिथे घाणेरी जोमात आहे, तिचं श्रेय त्याने खुशाल घ्यावं.

तुमच्या बाकीच्या दोघांचं. मनीप्लांटच्या तुकड्याला डोळा आहे का बघा, म्हणजे पान दांडीला जिथे जोडलेलं असतं ती गाठ. नुसतं पान-देठ लावलं असेल तर मुळं येतील, पान वर्षभर टवटवीत राहील आणि नवं पान कधीच येणार नाही. तिथे काही करू नका, दुसरा तुकडा घ्या. जास्वंदीला चार-पाच तास थेट ऊन नसेल तर ती बसून राहते. कबुतरांची जाळी आणि समोर उठलेला टॉवर मिळून किती ऊन खातात ते एक दिवस घड्याळ लावून बघा. शेंड्याच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर ती मिलीबग नावाची कीड, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या कापडाने पुसून काढा.

आणि हो, हे आधीच सांगायला हवं होतं. डिसेंबर-जानेवारीत मुंबईच्या थंडीतही ही झाडं आपोआप मंदावतात. कुंडी उपडी केल्यावर मुळं पांढरी आणि टणक दिसली तर मातीचा गोळा तसाच परत ठेवा, फेब्रुवारी संपेपर्यंत हात लावू नका. मे महिन्याच्या उन्हात तर कुंडी बदलूच नका. 19:19:19 वाईट नाही, वाढीला लागलेली जास्वंद ते आनंदाने घेते, लिटरला एक ग्रॅम, माती आधी ओली करून. ग्रॅम, चमचा नव्हे.

तुमच्या बाल्कनीतला नळ कोणत्या लाइनवर आहे ते सेक्रेटरीला विचारा आणि इथे लिहा. अनंताचं त्यावर ठरेल.