फ्लँडर्समध्ये पहिल्या महायुद्धातील जर्मन सैनिकाचे थडगे शोधताना

प्रथम फोक्सबुंड या १९१९ मध्ये स्थापन झालेल्या, जर्मन युद्धदफनभूमींची देखभाल करणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर आडनावासोबत जन्म वा मृत्यूची तारीख घालून शोध घ्यावा, कारण नुसत्या म्युलर किंवा श्मिट या आडनावावर नोंदींचा ढीगच समोर येतो. मिळालेला विभाग व थडग्याचा क्रमांक कागदावर उतरवून घ्यावा. बेल्जियमच्या फ्लँडर्स प्रदेशातील व्लाड्स्लो येथील जर्मन दफनभूमीत जमिनीलगतच्या एकेका दगडावर वीस-वीस नावे कोरलेली असल्यामुळे, ब्रिटिश दफनभूमीतील एकेका नावाच्या उभ्या शिळांची सवय असलेला माणूस हमखास गोंधळतो. तेथे जर्मन कलाकार केटे कोलविट्झ यांनी घडवलेल्या शोकाकुल माता-पित्यांच्या शिल्पांसमोरील दगडावर, १९१४ मध्ये धारातीर्थी पडलेल्या त्यांच्या पेटर या मुलाचे नाव आहे, ते (खाली वाकूनच) वाचावे. लांगेमार्क येथील जर्मन दफनभूमीत मात्र सुमारे २५,००० जणांच्या सामूहिक कबरीभोवतीचे नावांचे फलकही तपासावेत.