आजोबांचा दातांचा दवाखाना: पॉलिशच्या आधी

साताऱ्यातील वाड्याच्या माडीवर आपल्या आजोबांनी १९३८ साली सुरू केलेला आणि त्यांच्यामागे कुलूपबंद राहिलेला दातांचा दवाखाना लोकांना पाहता यावा, म्हणून खुर्ची आणि पायाने चालवायचे पायट्याचे ड्रिल घासूनपुसून पॉलिश करावे का, असे आपण विचारले आहे. माझी कळकळीची विनंती आहे की पॉलिश मुळीच करू नका आणि पुढचे पंधरा दिवस त्या खोलीतील एकही वस्तू जागेवरून हलवू नका.

जुन्या खुर्च्या आणि ड्रिल जुन्या बाजारात अधूनमधून मिळतात. पण ज्या खोलीतील प्रत्येक वस्तू दंतवैद्याच्या हाताने ठेवली तेथेच राहिली आहे, अशी खोली क्वचितच मिळते. खुर्ची खिडकीकडे तोंड करून का आहे, पिकदाणी डाव्या हाताला का, चिमट्यांचा खण सर्वांत वर का, या सगळ्यांतून त्यांची काम करण्याची पद्धत कळते. पायट्याचे ड्रिल मॉरिसन नावाच्या दंतवैद्याने १८७१ साली अमेरिकेत पेटंट केले. ते चालवताना दंतवैद्याला एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायाने शिवणयंत्रासारखा पायटा मारावा लागे आणि त्याच वेळी हात रुग्णाच्या तोंडात स्थिर ठेवावा लागे. आपण खुर्चीच्या उजव्या बाजूची फरशी हाताने चाचपून पाहा. एखाद्या ठिकाणी ती झिजून गुळगुळीत झालेली आढळली, तर तो त्या खोलीतील सर्वांत मोलाचा पुरावा समजा, आणि त्यावर गालिचा किंवा नवीन टाइल येऊ देऊ नका.

म्हणून आधी नोंद करा. चारही भिंतींची छायाचित्रे घ्या, प्रत्येक खण उघडून बरोबर वरून, शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्या, आणि मगच वस्तूला सुती दोऱ्याने कागदी चिठ्ठी बांधून तिच्यावर पेन्सिलीने क्रमांक लिहा. चिकटपट्टी किंवा स्टिकर लावू नका, कारण त्याचा गोंद निकेलवर डाग पाडतो. त्या काळचे कंपाउंडर किंवा एखादे वृद्ध रुग्ण हयात असतील, तर त्यांना खोलीत बसवून त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करा. पुढेमागे वाडा पाडावा लागला, तरी अशा नोंदीच्या आधारे संपूर्ण खोली दुसरीकडे उभी करता येते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात कोथरूडचा मस्तानी महाल अशाच रीतीने पुन्हा उभारलेला आहे.

खण उघडताना मात्र सावध राहा. दातात भरायची चांदी पारा घालून खलात घोटत असत, त्यामुळे पाऱ्याची बाटली मिळण्याची शक्यता मोठी आहे. ती दुसऱ्या घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. पारा सांडलाच, तर खिडक्या उघडा, मुलांना बाहेर पाठवा, आणि झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर कदापि वापरू नका. दाताची नस मारण्यासाठी आर्सेनिकयुक्त विषारी लेप वापरत असत. लेबल नसलेली बारीक डबी त्याचीही असू शकते, म्हणून हुंगून ओळखण्याचा प्रयत्न करू नका. दातांसाठी धातू ओतण्याच्या कड्यांना आतून लावायच्या करड्या पट्ट्या ॲस्बेस्टॉसच्या असू शकतात. त्या न कुसकरता पिशवीत बंद करा. कवळीचे रबर शिजवण्याचे जाड भिंतीचे पितळी भांडे मिळाले, तर प्रात्यक्षिकासाठीसुद्धा ते तापवू नका, कारण ते वाफेच्या मोठ्या दाबाखाली चालणारे भांडे आहे.

त्या भांड्यातून निघणाऱ्या कवळ्यांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण येथे माझ्याच हातून नुकसान झालेले आहे. ॲक्रिलिक येण्यापूर्वी कवळ्या गंधक मिसळून कडक केलेल्या लालसर तपकिरी रबराच्या असत. प्रकाश आणि उष्णता यांमुळे त्या रबरातील गंधकाचा हवेशी संयोग होऊन पृष्ठभागावर आम्ल तयार होते आणि रंग राखाडी-हिरवट होतो. एका संग्रहासाठी मांडणी करताना मी अशी कवळी चांदीचा मुलामा दिलेल्या आरशांसोबत खिडकीजवळच्या काचपेटीत ठेवली होती. एका पावसाळ्यानंतर आरसे काळे पडले आणि कवळीची खिडकीकडची बाजू कायमची विटली. म्हणून कवळ्या धातूंपासून वेगळ्या, अंधाऱ्या खणात ठेवा, गरम पाण्याने धुऊ नका, आणि प्रदर्शनात एका वेळी एकच, तीही थोडे महिने मांडा.

खुर्चीवरची धूळ मऊ ब्रशने झाडा. कातडे भुकटीसारखे सुटत असेल तर त्याला तेल लावू नका. बैठकीवर सुती कापड अंथरा आणि कोणालाही तीवर बसू देऊ नका. गंज असेल तेथेच, तोही जाणकाराकडून, काढून घ्या. बैठकीखालच्या ओतीव भागावर निर्मात्याचे नाव व क्रमांक असतो. रॉचेस्टरची रिटर आणि फिलाडेल्फियाची एस. एस. व्हाइट ही नावे विशेष पाहा. ड्रिलचा दोरीचा पट्टा ओढून पाहू नका. फिरवून दाखवायचेच असेल तर नवीन दोरी घाला आणि जुनी चिठ्ठीसह जपा.

डांबराच्या गोळ्या आणि नवीन प्लायवूडची बंद कपाटे टाळा. पावसाळ्यात आर्द्रतामापक ठेवा. ६५ टक्क्यांच्या वर आर्द्रता टिकून राहिली की बुरशी धरते.

पाट्या लिहिताना वस्तू कशाची आहे हे तपासल्याखेरीज लिहू नका. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या कवळ्या लाकडी होत्या असे पिढ्यानपिढ्या सांगितले गेले, प्रत्यक्षात त्या हस्तिदंत, माणसांचे व जनावरांचे दात आणि धातू यांच्या होत्या. आपल्याकडील हत्यारांच्या मुठी हस्तिदंती वाटल्या, तर विक्री किंवा देवाणघेवाण करण्यापूर्वी वन्यजीव संरक्षण कायद्यातील तरतुदी वन खात्याकडून समजून घ्या. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंसाठी १९७२ चा पुरावशेष कायदाही पाहावा लागेल.

रुग्णांची वही मिळाली, तर ती अवश्य मांडा, परंतु नावांचा रकाना झाकून. त्यातील कोणाची तरी नातवंडे आजही त्याच पेठेत राहत असतील. तारीख, काढलेला दात आणि घेतलेली फी, एवढे पाहणाऱ्याला पुरते.